मनीप्लँट : मागून घ्यावा, वाटून द्यावा



कामगार चळवळीतल्या माणसाने कुंडीतल्या वेलीवर काय बोलावे, असे आपणांस वाटले असेल. पण चाळीच्या गॅलरीत आणि आमच्या युनियनच्या कचेरीतही हीच वेल आहे.

मनीप्लँट चोरून आणला तरच घरात पैसा येतो, अशी आपल्याकडे समजूत आहे. टाळेबंदीच्या दिवसांत कामगारांच्या दारात तो लावलेला आम्ही पाहिला आहे. घरात पैसा नसला म्हणजे माणूस वेलीकडेही मागतो. त्याला हसू नये. पण वेलीची खरी हकिगत त्याला सांगावी.

तिचे मूळ घर पॅसिफिक महासागरातले मूरेआ बेट. १८८० साली शास्त्रज्ञांनी तिला पहिले नाव दिले. ही वेल सहसा फुलत नाही. फुलण्यास लागणारे जिबरेलिन हे संजीवक तिच्यात नीट तयार होत नाही, असे २०१६ साली संशोधकांनी दाखविले. फूल नाही म्हणून बी नाही. घरोघरी ती गेली ती एकाने दुसऱ्याला दिलेल्या फांदीने. तेव्हा चोरी कशाला? मागून घ्यावी.

फांदी पेराच्या खाली कापावी. पेर नसलेल्या नुसत्या पानाची वेल होत नाही. बाटलीतले पाणी आठवड्याने बदलावे. कुंडीत लावल्यास वरची माती बोटाला कोरडी लागल्यावरच पाणी घालावे. रोजच्या पाण्याने मुळे कुजतात. काथ्या गुंडाळलेली काठी दिली की मुळे ती धरतात आणि वर चढताना पाने मोठी होतात.

पानावरच्या पांढरट-पिवळ्या भागात हरितद्रव्य फार थोडे असते. तो भाग हिरव्याच्या कमाईवर जगतो. अंधाऱ्या खोलीत नवी पाने अधिक हिरवी येऊ लागतात. मिळकत तुटली की शोभा परवडत नाही, हे आमच्या मंडळींना समजावून सांगावे लागत नाही! म्हणून वेल खिडकीजवळ ठेवावी; मात्र दुपारचे ऊन थेट लागू देऊ नये, पाने करपतात.

पान चावल्यास तोंडाची आग होते, सूज येते. लहान मुले व मांजरे यांच्यापासून ती दूर असावी. छाटलेल्या फांद्या रानात टाकू नयेत. हवाई बेटांत ती झाडांवर चढून माजली आहे.

वेलीने पैसा येणार नाही. पण फांदी मागायला गेलात तर शेजाऱ्याचे दार उघडेल, आणि पगार थकलेल्या महिन्यात तेच दार उपयोगी पडते.