नफा नेमका कुठे होतो?



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, कर सल्लागार नाही. पण आपल्यातले अनेकजण पुण्यात बसून परदेशी कंपन्यांसाठी कोड लिहितात. अशा केंद्राला बहुधा झालेला खर्च आणि वर ठरावीक टक्के मिळतात. कोडची मालकी आणि उरलेला नफा बाहेर जातो. बाहेर म्हणजे कुठे?

बहुराष्ट्रीय कंपनी म्हणजे अनेक देशांतल्या कंपन्यांचं एक कुटुंब. त्या एकमेकींना माल, सेवा, पेटंटचे हक्क विकतात. कायदा म्हणतो, परक्याला लावला असता तोच भाव लावा. पण जे पेटंट बाजारात कधी विकलंच गेलं नाही, त्याचा भाव कोण सांगणार? या फटीतून नफा कमी कराच्या देशाकडे सरकतो.

आयर्लंडचं उदाहरण घ्या. ॲपलच्या तिथल्या एका कंपनीने बहुतेक नफा अशा ‘मुख्य कार्यालया’च्या नावे दाखवला, ज्याला ना कर्मचारी होते, ना जागा. युरोपीय आयोगाच्या हिशेबाने २०१४ मध्ये तिच्यावर प्रत्यक्ष कर पडला ०.००५ टक्के, दहा लाख युरोंवर ५० युरो! आयोगाने २०१६ मध्ये १३ अब्ज युरोंपर्यंत वसुलीचा आदेश दिला. ज्याला पैसे मिळणार होते, तो आयर्लंडच त्याविरुद्ध कोर्टात गेला. २०२० मध्ये आदेश रद्द झाला आणि १० सप्टेंबर २०२४ ला वरच्या न्यायालयाने तो पुन्हा कायम केला.

हे एक प्रकरण झालं. जगभरात असा किती नफा सरकतो? तोर्सलोव, वीअर आणि झुकमन या अर्थतज्ज्ञांनी साधी युक्ती केली: नफ्याला पगाराने भागलं. स्थानिक कंपन्यांत हे प्रमाण साधारण ३० ते ४० टक्के, तर आयर्लंडमधल्या परदेशी कंपन्यांत सुमारे ८०० टक्के. २०१५ मध्ये बहुराष्ट्रीय कंपन्यांचा परदेशांतला ३६ टक्के नफा करस्वर्गांत गेला, असा त्यांचा अंदाज.

पण इथे थांबू नका. ब्लोइन आणि रॉबिन्सन या लेखाशास्त्राच्या अभ्यासकांनी अमेरिकेची आकडेवारी उलगडून दाखवलं, की काही ठिकाणी उपकंपनीचा नफा तिच्या मालक कंपनीच्या खात्यातही मोजला गेला होता. एकच नोंद दोन लॉगमध्ये आली आणि आपण बेरीज केली, तसंच हे. त्यामुळे या आकडेवारीवर बेतलेले अंदाज फुगले, असं त्या म्हणतात. नफा सरकतो हे खरं. किती सरकतो, यावर वाद आहे.

२०२१ मध्ये १३० हून अधिक देशांनी ७५ कोटी युरोंवर उलाढाल असलेल्या समूहांसाठी किमान १५ टक्के कराचा करार मान्य केला. तो देशोदेशी कसा राबवला जातो, हे तपासायला हिशेब वाचणारी माणसं लागतील. कंपनी कर चुकला, तरी शाळा-दवाखान्यांचा खर्च टळत नाही. तो बिस्किटाच्या पुड्यावर कर भरणाऱ्याकडून निघतो.

म्हणून एक विनंती. तुमच्यातले बी.कॉम.वाले, सीए करणारे, डेटावर काम करणारे, यांनी मिळून एखाद्या मोठ्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडावा. त्यात ‘संबंधित पक्षांशी व्यवहार’ अशी टीप असते. तिथून सुरुवात करा. काय सापडलं, ते पुढच्या बैठकीत मांडा.