ओढ्याची नोंदवही

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मी सॉफ्टवेअरवाली. जीवशास्त्र बारावीआधीच सुटलं. तरी आज पाच मिनिटं एका ओढ्याबद्दल बोलणार आहे.

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात हबर्ड ब्रूक नावाचं संशोधन-जंगल आहे. जंगलात काय येतं आणि काय बाहेर जातं, हे मोजायचं कसं? १९६३ मध्ये हर्बर्ट बोरमन, जीन लाइकन्स आणि सहकाऱ्यांनी सोपी वाट काढली. तिथला खडक पाणी फारसं मुरू देत नाही. वाफ होऊन न गेलेलं पाणी शेवटी ओढ्यातूनच बाहेर पडतं. म्हणून पाऊस तपासायचा, ओढा तपासायचा. मधल्या जंगलाचा जमाखर्च कळतो. आम्ही याला इनपुट-आउटपुट म्हणतो.

१९६५च्या अखेरीस त्यांनी एका छोट्या पाणलोटातली सगळी झाडं पाडली. लाकूड तिथेच ठेवलं आणि तणनाशक मारून तीन उन्हाळे काही उगवू दिलं नाही. पहिल्याच वर्षी ओढ्याला सुमारे ४० टक्के जास्त पाणी आलं आणि शेजारच्या न तोडलेल्या जंगलाच्या तुलनेत नायट्रेट सुमारे ४० पट झालं. मातीतले सूक्ष्मजीव नायट्रेट बनवतच होते, ते उचलायला मुळं उरली नव्हती. नायट्रेट मातीला चिकटून राहत नाही. ते वाहून गेलं, सोबत कॅल्शियमही गेलं.

चांगल्या मातीवर जंगल वाढतं, हे आपण शाळेत शिकलो. मातीचा कस जंगलच धरून ठेवतं, हे त्या ओढ्याने आकड्यांत दाखवलं. झाडं, माती, पाणी, हवा यांचा एकत्र हिशेब मांडायची ही रीत परिसंस्थाशास्त्राचा पाया ठरली. तिथल्याच पावसाच्या नोंदींनी उत्तर अमेरिकेतली आम्लवर्षा उजेडात आणली.

पण हे सगळं सांगता आलं, कारण झाडं पाडण्याआधीची नोंद हाताशी होती आणि शेजारचा पाणलोट जसाच्या तसा राखला होता.

आपल्या शाळेमागच्या ओढ्यावर स्लॅब पडणार, असं ऐकते. तो पडेल किंवा न पडेल. त्याआधीचा ओढा कसा होता, हे सांगणारा एक आकडाही आपल्याकडे नाही. सर, बाई, आठवी-नववीच्या मुलांनी दर शनिवारी पाण्याची उंची, तापमान आणि गढूळपणा वहीत लिहावा. पर्जन्यमापक आणि तपासणीचं साहित्य आमची बॅच देईल. पुढच्या मेळाव्यात सत्काराऐवजी ती वही बघायला मला आवडेल.