कंपनीचा वकील तुमचा वकील नसतो

आजचा विषय कोर्टाचा आहे, आणि मी वकील नाही. बीटेक करून कोड लिहिणारा माणूस. तरी बोलतोय, कारण फोक्सवॅगनचं डिझेल प्रकरण शेवटी सॉफ्टवेअरचंच होतं. गाडीची टेस्ट चालू आहे हे सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं प्रदूषण कमी दाखवायचं. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या!

२०१५ मध्ये अमेरिकेत हे उघड झालं. २०१७ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला, २.८ अब्ज डॉलरचा फौजदारी दंड ठरला. पण कंपनीला तुरुंगात टाकता येत नाही, माणसाला टाकता येतं. ऑलिव्हर श्मिट हा तिथला मॅनेजर. सुट्टी संपवून जर्मनीला परत निघाला होता, मायामी विमानतळावर अटक झाली. पुढे त्यानेही गुन्हा कबूल केला. शिक्षेआधी न्यायाधीशांना पत्र लिहिलं: कॅलिफोर्नियाच्या अधिकाऱ्यासमोर काय बोलायचं ते वरिष्ठांनी मंजूर करून दिलं होतं, आणि त्या वरिष्ठांत कंपनीचा एक मोठा वकीलही होता. उपयोग झाला नाही. सात वर्षं तुरुंग, ४ लाख डॉलर दंड.

इथेच खरी मेख आहे. वकिलाने होकार दिला म्हणजे आपण सेफ, असं आपल्याला वाटतं. पण तो वकील कुणाचा? १९८१ च्या अपजॉन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कर्मचारी कंपनीच्या वकिलाशी जे बोलतो त्याला गोपनीयतेचं संरक्षण मिळू शकतं. मात्र ते संरक्षण कंपनीचं. उद्या कंपनीने ठरवलं तर तुमचं बोलणं सरकारच्या टेबलावर. म्हणून तिथे अंतर्गत चौकशीत वकील आधीच बजावतात, ‘मी कंपनीचा वकील आहे, तुमचा नाही.’ याला अपजॉन वॉर्निंग म्हणतात.

आता दुसरी बाजू. बोईंग ७३७ मॅक्सचे दोन अपघात, ३४६ माणसं गेली. जानेवारी २०२१ मध्ये बोईंगने सरकारशी समझोता केला आणि खटला टळला. खटला उभा राहिला तो मार्क फोर्कनर या एका टेक्निकल पायलटवर. पुरावा काय, तर त्याचा चॅट: आपण नियामकांशी खोटं बोललो, नकळत. बचावाच्या वकिलांचा मुद्दा साधा होता. सिस्टीममध्ये केलेला बदल इंजिनिअरांनी त्याला सांगितलाच नव्हता. मग फसवण्याचा हेतू कुठून आला? मार्च २०२२ मध्ये ज्युरीने दोन तासांच्या आत त्याला निर्दोष सोडलं.

तुम्ही म्हणाल, एवढी माणसं मेली आणि आपण बचावाचं कौतुक करायचं? राग बरोबरच आहे. पण स्वतंत्र बचाव नसेल तर जो हाताशी सापडेल त्याच्यावर खापर फुटतं, आणि निर्णय घेणारे नामानिराळे राहतात. त्यात मेलेल्यांनाही न्याय मिळत नाही.

पुण्यात, बंगळुरूत बसून अमेरिकी कंपन्यांसाठी काम करणारे आपल्यात कमी नाहीत. चौकशीचा मेल आला तर पहिला प्रश्न हाच विचारा: ‘तुम्ही कुणाचे वकील?’ उत्तर ‘कंपनीचा’ असेल तर आधी स्वतःचा वकील गाठा. चॅट डिलीट करू नका, तो वेगळाच गुन्हा ठरू शकतो. आणि दुसऱ्याने लिहून दिलेलं खोटं आपल्या तोंडाने बोलू नका. शिक्षा बोलणाऱ्याला होते.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!