गवताची काडी आणि गावाचे नाव
(सुवर्णमहोत्सवानिमित्त सुरत येथे झालेल्या व्याख्यानाचा सारांश)



मंगल प्रसंगी गवतावर काय बोलायचे, असे कोणाच्या मनात आले तर नवल नाही. पण गणपतीला आपण वाहतो त्या दूर्वा म्हणजे गवतच, आणि आपली ज्वारी व तांदूळही त्याच कुळातले.

याच सुरतेत, कतारगामकडे, डच लोकांचे जुने कबरस्तान आहे. १६९१ साली वारलेला व्हान ऱ्हेडे तेथे विसावला आहे. मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ त्याने सिद्ध करविला. त्यात रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या कोंकणी वैद्यांची साक्ष नागरी लिपीत छापली आहे. पुढे लिनिअसने त्यातील झाडांना नावे दिली, तेव्हा त्याच्यासमोर चित्रे होती, वाळवलेले नमुने नव्हते. ती झाडे नेमकी कोणती, हे ठरविण्यासाठी डॉ. मणिलाल यांना आमच्या हयातीत पुन्हा मलबारभर हिंडावे लागले.

म्हणून हर्बेरियम लागते. गवत मुळासकट उपटावे, टिपकागदात दाबून वाळवावे, जाड कागदावर चिकटवावे, आणि कोपऱ्यात चिठ्ठी लावावी: गाव, जागा, जमीन, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव. चिठ्ठी नसेल तर तो नुसता कडबा समजावा.

पुण्याच्या शेतकी कॉलेजातील श्री. रा. कृ. भिडे यांनी अशा चिठ्ठ्या लिहिण्यात आयुष्याचा मोठा भाग घालविला. सह्याद्रीतील एका गवताचे त्यांनी प्रथम वर्णन करून त्याला गॅमीसाहेबांचे नाव दिले. १९४९ साली गवताच्या एका संपूर्ण प्रजातीलाच ‘भिडिया’ हे नाव मिळाले. ब्लॅटर व मॅक्कॅन यांचा मुंबई इलाख्यातील गवतांवरील ग्रंथ १९३५ साली निघाला, तेव्हा ब्लॅटर हयात नव्हते. त्या ग्रंथात गुजरात, खानदेश, कोंकण व दख्खन यांची गवते शेजारी शेजारी नोंदली आहेत.

जुन्या चिठ्ठीवर ‘सुरत जिल्हा, मुंबई इलाखा’ असे असते. १९६० साली राज्ये वेगळी झाली. १९६४ साली बलसाड जिल्हा सुरतेतून निघाला. म्हणजे चिठ्ठीवरचे ‘सुरत’ आज वलसाडात असू शकेल. गावाचे नाव लिहिले असेल तर शोध लागतो, नुसता जिल्हा असेल तर लागत नाही.

याचा धडा आम्हांस घरातच मिळाला. तरुणपणी आम्ही तापीकाठची गवते जमविली होती. २००६ च्या ऑगस्टमधील महापुरात खालच्या खोलीतील पेटी भिजली व सर्व पाने कुजून गेली. वही मात्र माडीवर होती. ती उघडली. जेथे ‘अडाजण, बांधाच्या उत्तरेस, काळी जमीन’ असे लिहिले होते, तेथे निदान एवढे उरले की या वस्तीच्या जागी एकेकाळी कोणते गवत होते. आणि जेथे आळसाने ‘सुरत, नदीकाठ’ एवढेच लिहिले होते, तेथे काहीच उरले नाही. कोणता काठ, हे आम्हांसही आता आठवत नाही. याची खंत वाटते.

मारवेल, कुसळी, पवन्या ही नावे आपल्या आजीला ठाऊक होती. नातवंडांना ती घोकूनही येत नाहीत. अडाजण, पिपलोद, वेसू येथे शेते होती हे सांगणारी माणसेही थकत चालली आहेत. तेव्हा संस्थेने ग्रंथालयात एक कपाट या कामासाठी द्यावे. मुलांनी पावसाळ्यानंतर फुलोरा आला की गवत आणावे, वडीलधाऱ्यांनी शेताचे व ओढ्याचे जुने नाव सांगावे, आणि वहीची एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवावी. संस्थेच्या जमाखर्चात आपण पै न् पैची तारीख लिहितो; तेवढीच काळजी येथे घेतली तरी पुरे.