गोरोबांचें थापटणें आणि नवें नाणें

धाराशिव जिल्ह्यांत तेरणा नदीच्या कांठीं तेर नांवाचें गांव आहे. प्राचीन काळीं याला तगर म्हणत, आणि तगरचें कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदरापर्यंत जात असे, अशी नोंद पहिल्या शतकांतील एका ग्रीक ग्रंथांत सांपडते. परंतु महाराष्ट्राला तेर ठाऊक आहे तें संत गोरोबाकाकांमुळें. त्यांच्या घरीं एकदां संतमंडळी जमली असतां मुक्ताबाईनें कोपऱ्यांतल्या थापटण्याचा उपयोग विचारला. मडकें पक्कें कीं कच्चें हें त्यानें कळतें, असें उत्तर मिळतांच जमलेलीं मडकींही पारखावींत, अशी तिनें विनंति केली. गोरोबांनीं एकेकाच्या मस्तकावर थापटणें मारलें. सारे स्वस्थ बसले. नामदेव मात्र रागावले, आणि तेच कच्चे ठरले. प्रत्यक्ष विठ्ठल नामदेवांशीं बोलतो, अशी त्यांची कीर्ति होती. परंतु कुंभाराला मडक्याची कीर्ति ऐकावयाची नसते. त्याला आवाज ऐकावयाचा असतो.

ही कथा आज एका अगदीं नव्या व्यवसायाच्या संदर्भांत आठवण्याजोगी आहे. तो व्यवसाय ब्लॉकचेनचा. ब्लॉकचेन म्हणजे, सोप्या शब्दांत, अनेकांच्या घरीं एकाच वेळीं ठेवलेली कीर्द. प्रत्येक पानावर आधींच्या पानाची गणिती मोहोर उमटलेली असते. म्हणून मागचें पान कोणीं बदललें, तर मोहोर जुळत नाहीं आणि लबाडी उघडी पडते. या कल्पनेचा पहिला मोठा प्रयोग जें बिटकॉइन, त्याचा आराखडा ३१ ऑक्टोबर २००८ रोजीं सातोशी नाकामोतो या नांवानें प्रसिद्ध झाला. हें नांव धारण करणारी व्यक्ति कोण, एक कीं अनेक, याचा निर्विवाद पत्ता अद्याप लागलेला नाहीं. तरीही वही चालू आहे. कोणा एका माणसावर विश्वास टाकण्याची गरज पडूं नये, हाच तिचा मूळ हेतु होता.

मग याच व्यवसायांत संस्थापकाच्या जीवनकथेचा एवढा डांगोरा कां पिटला जातो? कारण उघड आहे. येथें कारखान्याची चिमणी दिसत नाहीं, दुकान नाहीं, हातांत घेऊन वजन करावें असा माल नाहीं. वहीचें गणित समजणारे थोडे. अशा वेळीं गिऱ्हाईक धरावयास कांहीं तरी शोधतें, आणि जाहिरातदार त्याच्यापुढें माणूस ठेवतो: गरिबींतलें बालपण, मोठी पदवी, एका रात्रीं सुचलेली कल्पना. कथा कळते, म्हणून नाणेंही कळलें असें वाटूं लागतें.

२०१४ सालीं वनकॉइन नांवाचें नाणें निघालें. त्याच्या प्रचाराचा मुख्य आधार होती त्याची संस्थापिका रुजा इग्नातोवा. बल्गेरियांत जन्म, लहानपणींच जर्मनींत स्थलांतर, कॉन्स्टान्झ विद्यापीठाची कायद्यांतील डॉक्टरेट, असें तिचें चरित्र होतें. 'फोर्ब्स' मासिकाच्या बल्गेरियन आवृत्तींत पैसे भरून छापविलेली जाहिरात मुखपृष्ठ म्हणून लोकांना दाखविण्यांत आली. जून २०१६ मध्यें लंडनच्या वेंब्ली सभागृहांत हजारों लोकांनीं तिचा जयजयकार केला. ही लाट महाराष्ट्रांतही पोंचली. एप्रिल २०१७ मध्यें नवी मुंबई पोलिसांनीं वनकॉइनच्या एका सभेवर छापा घालून १८ जणांना अटक केली. ऑक्टोबर २०१७ मध्यें इग्नातोवा सोफियाहून अथेन्सला विमानानें गेली आणि नाहींशी झाली. अमेरिकन सरकारी वकिलांच्या म्हणण्याप्रमाणें लोकांनीं या योजनेंत ४ अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम घातली होती. नाण्याचा भाव कंपनी स्वतःच ठरवीत असे. आणि जिच्या नांवानें हें सारें चाललें, ती खरी ब्लॉकचेन मुळांत नव्हतीच.

या हकीकतींत सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट ही कीं, त्या बाईंची डॉक्टरेट खोटी नव्हती. अमेरिकेंतील सॅम बँकमन-फ्रीड याची कथाही अशीच. अब्जाधीश असूनही तो साधी मोटार वापरी, अर्ध्या विजारींत वावरे आणि संपत्तीचा मोठा भाग दान करण्याची भाषा बोले. त्याची एफटीएक्स ही पेढी नोव्हेंबर २०२२ मध्यें बुडाली. ग्राहकांचा पैसा परस्पर वापरल्याबद्दल त्याला मार्च २०२४ मध्यें २५ वर्षांची शिक्षा झाली. मोटार खरोखरच साधी होती. खोटी कथा कधीं ना कधीं पकडतां येते. खऱ्या कथेचा धोका त्याहून मोठा, कारण ती तपासली असतां खरीच निघते, आणि तपासणारा तेवढ्यानें निश्चिंत होतो. माणसाची पदवी तपासून झाली, वही तपासावयाची राहूनच गेली!

म्हणून संस्थापकांनीं आपली कथा सांगूंच नये, असें नव्हे. कष्टांतून वर आलेल्या माणसाचें चरित्र ऐकून तरुणांना धीर येतो. परंतु चरित्र हें ओळखीसाठीं. पुराव्याची जागा त्यानें घेऊं नये. गडचिरोली जिल्ह्यांतील एटापल्ली भागांत २०२२ सालीं ६५,००० जातप्रमाणपत्रांची नोंद ब्लॉकचेनवर करण्याचा उपक्रम राज्य सरकारनें हातीं घेतला. त्या प्रमाणपत्राची सत्यता पाहणाऱ्याला ही वही कोणीं रचली, त्याचें बालपण कसें गेलें, हें विचारावें लागत नाहीं.

सुशिक्षित घरांतून आणखी एक गैरसमज आढळतो. १ एप्रिल २०२२ पासून भारतांत अशा नाण्यांच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे; तेव्हां सरकारनेंच त्यांना मान्यता दिली, असें कांहींना वाटतें. कर घेणें म्हणजे हमी देणें नव्हे. गुंतवणूक करणाऱ्यानें चार साधे प्रश्न विचारावे: वही कोणाकोणापाशीं आहे? ती बाहेरच्या माणसाला पाहतां येते काय? भाव बाजार ठरवितो कीं कंपनी? आणि उद्यां पैसे परत हवे असल्यास ते कोणत्या वाटेनें मिळतील? उत्तराऐवजीं पुन्हां चरित्रच ऐकूं आलें, तर तेथून उठावें.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानें हादरलेल्या धाराशिवच्या उमरगा-लोहारा भागांत पुढें स्त्रियांचे बचतगट रुजले. पावसाच्या भरंवशावर जगणाऱ्या या जिल्ह्यांत शंभर रुपयेही विचार करून बाजूस ठेवावे लागतात. गटाच्या बैठकींत कोणाचे किती जमा, कोणाकडे किती कर्ज, हें सर्वांसमक्ष वाचलें जातें. अध्यक्षबाईंच्या संसाराची कहाणी सर्वांना ठाऊक असते, त्या कहाणीबद्दल आदरही असतो. तरी वही उघडल्यावांचून बैठक उठत नाहीं. गोरोबांच्या जिल्ह्यांतील या बायका रोज थापटणेंच वापरीत आहेत, आणि शहरांतील शिकलेल्या घरांनीं तें त्यांच्याकडून मागून आणण्यांत मुळींच कमीपणा नाहीं.