साखर तीच, कारण वेगळे

मधुमेह हा एकच आजार नाही.
दोन रुग्णांच्या रक्तातली साखर सारखीच वाढते,
पण कारण वेगळे असू शकते.

एकाच्या शरीरात इन्सुलिनच कमी तयार होते.
दुसऱ्याकडे ते असते,
पण पेशी त्याला दाद देत नाहीत.

स्वीडनच्या संशोधकांनी 2018 मध्ये
प्रौढांच्या मधुमेहाचे पाच गट मांडले.
वय, वजन आणि रक्ताच्या मोजक्या तपासण्या
यांवरून ते ठरले.

श्रोतेहो, पुढची गोष्ट आपल्या पुण्याची.
केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि स्वीडनमधल्या सहकाऱ्यांनी
तरुण वयात टाइप टू मधुमेह झालेल्यांचा अभ्यास केला.
स्वीडनमध्ये उतारवयातल्या सौम्य मधुमेहाचा गट मोठा होता.
पुण्यात मात्र
इन्सुलिनची तीव्र कमतरता असलेला गट
सर्वांत मोठा निघाला.
हे रुग्ण तुलनेने सडपातळ होते.

म्हणूनच रोज लोकलने कामाला जाणारा तरुण
अंगाने बारीक आहे,
म्हणून त्याला मधुमेह होणार नाही,
ही समजूत घातक आहे.

मधुमेह हा एकच आजार नाही,
म्हणून उपचारही एकच नाही.
इन्सुलिन कमी पडत असेल,
तर ते बाहेरून लवकर द्यावे लागू शकते.
या गटात डोळ्यांच्या पडद्याला धोका अधिक.
पेशी दाद देत नसतील,
तर वजन उतरवणे आणि मेटफॉर्मिनसारखी गोळी उपयोगी पडते.
तिथे मूत्रपिंडावर लक्ष ठेवावे लागते.

शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवते,
हे सी-पेप्टाइड नावाच्या रक्ततपासणीतून कळते.
ती सर्वांनाच लागत नाही.
कोणाला लागेल, हे डॉक्टर ठरवतात.