जनरल शर्मन: आगीनंच जपलेलं झाड

आज एका झाडाबद्दल बोलूया. नाव जनरल शर्मन. मुक्काम अमेरिकेत, कॅलिफोर्नियातलं सेक्वोया नॅशनल पार्क. उंची जवळपास ८४ मीटर, म्हणजे साधारण २८ मजली इमारत. जमिनीलगत खोडाचा व्यास ११ मीटर. वय अंदाजे २,२०० वर्षं. याच्यापेक्षा उंच झाडं आहेत, जुनीही आहेत. पण एका खोडात किती लाकूड, असा हिशेब लावला तर याचा नंबर जगात पहिला.

सप्टेंबर २०२१ मधला याचा फोटो कदाचित तुम्ही पाहिला असेल. बुंध्याला चकचकीत चंदेरी आवरण गुंडाळलेलं. केएनपी कॉम्प्लेक्स नावाचा वणवा जवळ येत होता, म्हणून ही तयारी.

आता गंमत बघा. सेक्वोया हे आगीसोबतच वाढलेलं झाड आहे. त्याची साल दोन फुटांपर्यंत जाड असते, सहजासहजी पेट घेत नाही. कोंबडीच्या अंड्याएवढी त्याची फळं वीस-वीस वर्षं फांदीवर बंद राहू शकतात. खालून आगीची धग लागली की ती सुकतात, उघडतात आणि बिया खाली पडतात. आगीनं पाचोळा जळून जमीन मोकळी झालेली असते, ऊनही मिळतं. रोपं तिथेच धरतात.

मग अशा झाडाला आगीपासून वाचवायची वेळ का आली?

कारण जवळपास शंभर वर्षं तिथे प्रत्येक आग विझवली गेली. हेतू चांगलाच होता, जंगल वाचवायचं. पण पूर्वी विजेमुळे लागणाऱ्या आणि तिथले आदिवासी मुद्दाम लावत असलेल्या लहान आगी बंद झाल्या. पाचोळा साठत गेला, लहान झाडांची गर्दी झाली. त्यात दुष्काळ आणि वाढतं तापमान. आता आग लागली की ती या गर्दीवरून शिडीसारखी चढत थेट शेंड्याला पोहोचते. तिथे जाड सालीचा काय उपयोग? २०२० आणि २०२१ च्या वणव्यांत जगातल्या मोठ्या सेक्वोयांपैकी अंदाजे १३ ते १९ टक्के गेले. हजारो वर्षं टिकलेली झाडं, दोन वर्षांत!

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांकडे याला टेक्निकल डेट म्हणतात. आज टाळलेलं छोटं काम नंतर व्याजासकट वसूल होतं.

शर्मन मात्र वाचला. या पार्कमध्ये १९६० च्या दशकापासून ठरवून, नियंत्रणात ठेवून लहान आगी लावल्या जातात. शर्मनच्या आसपासही त्या अनेकदा लावल्या होत्या. त्यामुळे वणवा त्या भागात आला तेव्हा जळायला फारसं काही उरलंच नव्हतं. ज्वाळा बुटक्या राहिल्या.

अशा आगी लावल्या की धूर होतो, जोखीमही असते. तरी ते काम दर काही वर्षांनी करावंच लागतं.

तो फोटो पुन्हा दिसला तर चंदेरी आवरणासोबत आजूबाजूची जमीनही बघा. खरी राखण तिथे झाली होती.